रेशनवर डाळ द्या साहेब, नुसत्या गहू-तांदळावर पोरांच्या अंगाला काही लागत नाही

मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सोलापूरहून नमस्कार.

साहेब, मागणी आधीच सांगून टाकते आणि मग कारणं सांगते. दर महिन्याला प्रत्येक रेशनकार्डावर निदान दोन किलो तूरडाळ कमी दरात द्या, आणि आमच्यासारख्या भाकरी खाणाऱ्या जिल्ह्यांत गव्हातला निम्मा वाटा चांगल्या ज्वारीचा द्या. एवढंच मागायचंय.

आमचं घर पाच माणसांचं, मालक यंत्रमागावर, पगार आठवड्याचा, आणि त्या पगारात स्वयंपाकघर चालवायचं काम माझं. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे माणशी पाच किलोप्रमाणे पंचवीस किलो धान्य येतं आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट येतं. त्याचा आधार फार मोठा आहे, लॉकडाऊनमध्ये माग बंद होते तेव्हा या धान्यावरच आमच्या गल्लीतली घरं तगली, हे मी कुणालाही सांगेन. पण धान्य आलं म्हणजे जेवण झालं असं नसतं ना. गहू-तांदूळ घरात आल्यावर दळण, तेल, डाळ, भाजी, मीठ-मसाला आणि साडेआठशेच्या पुढचं सिलेंडर हे सगळं त्याच पगारातून काढायचं, आणि कात्री लावायची वेळ आली की ती पहिली डाळीवर लागते, कारण भाकरी-भात कमी केला तर पोरं उपाशी उठतात आणि डाळ पातळ केली तर कुणाच्या लगेच लक्षात येत नाही.

आता डाळ पातळ कशी करतात तेही सांगते, कारण मंत्रालयात हे कुणी सांगत नसेल. पाच माणसांना अर्धी वाटी तूरडाळ घ्यायची, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास. ती तासभर भिजत घालायची म्हणजे कुकरला गॅस कमी लागतो. शिजताना त्यातच मूठभर शेवग्याचा पाला टाकायचा, आमच्या मागच्या बोळात झाड आहे, पाला विकत घ्यावा लागत नाही. मग घोटून दोन तांबे पाणी, आणि आमटी अगदीच पाण्यासारखी दिसू नये म्हणून दोन चमचे शेंगदाण्याचा कूट. लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की वास असा सुटतो की पोरं ताट घेऊन बसतात. चव चांगली असते, त्यात काही कमी नाही. पण एकेकाच्या वाट्याला डाळ येते वीस ग्रॅम!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 ला आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात डाळी-कडधान्य 85 ग्रॅमच्या आसपास धरलंय. पाच माणसांचा हिशोब केला तर महिन्याला पावणेतेरा किलो होतात, पोरांचं कमी धरून दहा किलो म्हणा. दुकानात तूरडाळ सव्वाशेच्या खाली मिळाली तर नशीब, म्हणजे नुसत्या डाळीला बाराशे-साडेबाराशे रुपये. आमच्या घरात येते अडीच-तीन किलो, बाकी कमी पडतं ते मटकी, हुलगे, चवळी, बेसन असं जे त्या आठवड्यात स्वस्त असेल त्यातून भागवते. पाव किलो मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की मोड येऊन दुप्पट होते, दोन वेळची उसळ निघते. गुरुवारी पिठलं, वाटीभर बेसनात सगळं घर जेवतं. अंधार पडायच्या वेळेला बाजारात मेथी, तांदुळजा, घोळ जुडीला पाच-सात रुपयांनी उतरतं तेव्हाच मी जाते. अंगणवाडीतल्या ताईंनी सांगितल्यापासून पालेभाजीवर लिंबू पिळते आणि जेवल्या जेवल्या चहा बंद केलाय, लोह अंगाला लागतं म्हणून. साहेब, सकस काय असतं हे आम्हाला माहीत आहे. दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टर आमचं पाठ झालंय. डाळी, पालेभाज्या, अंडी, दूध, फळं. अडतंय ते पैशावर.

आणि हे आमच्या एका घराचं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्याच 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के बायकांना रक्त कमी निघालं, आणि पाच वर्षांखालच्या पोरांपैकी 35.2 टक्के पोरं वयाच्या मानानं बुटकी राहिलेली. इतकी वर्षं रेशन चालू असलेल्या राज्यात हे आकडे आहेत. गव्हा-तांदळात जे प्रथिन कमी पडतं ते डाळीत असतं, म्हणून तर आपल्याकडे वरण-भात आणि भाकरी-आमटी अशा जोड्या पडल्यात, आणि सरकार त्या जोडीतला एकच अर्धा भाग देतंय.

ज्वारीचं थोडं सविस्तर बोलू द्या. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, त्यात धान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरड धान्य असं सरळ लिहिलंय, त्यामुळे ज्वारी द्यायला कायद्याची आडकाठी नाही. 2023 हे तर सगळ्या जगानं भरड धान्याचं वर्ष म्हणून पाळलं. आमच्याकडे रेशनवर मधूनच कधी ज्वारी येते आणि मग गायब होते, आणि येते तेव्हा बऱ्याचदा हायब्रीड, पावसात भिजून काळी पडलेली. त्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसतो, थापताना भाकरी कडेनं चिरते, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे, गरम पाण्यात उकड काढून मळलं तरी जेमतेम. मग बायका ती घेत नाहीत किंवा कोंबड्यांना टाकतात, आणि वरती रिपोर्ट जातो की लोकांना ज्वारी नको. अहो नको कशी असेल, सोलापुरात भाकरी नको म्हणणारं माणूस दाखवा! मालदांडी जातीची द्या, रब्बीची द्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, बार्शी, मोहोळ सगळीकडे पिकते, आणि ती इथल्या शेतकऱ्याकडून घेऊन इथल्याच दुकानात द्यायची तर पंजाबातून गहू आणायचं भाडंही वाचेल. 2025-26 चा हमीभाव हायब्रीड ज्वारीला क्विंटलला 3699 आणि मालदांडीला 3749, फक्त पन्नास रुपयांचा फरक. एवढ्यासाठी कोण चांगली ज्वारी सरकारी खरेदी केंद्रावर घालेल? इथे राज्यानं वरून बोनस द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

डाळ दुकानापर्यंत पोचवणं जमत नाही असं कुणी म्हणालं तर ते पटणारं नाही. 2022 च्या दिवाळीला आनंदाचा शिधा शंभर रुपयांत दिला, रवा, साखर, हरभराडाळ प्रत्येकी एक किलो आणि पामतेल एक लिटर. गावागावात पोचला. त्यातला रवा-साखर सणापुरती बरी, डाळ मात्र आम्हाला बाराही महिने लागते. तमिळनाडूत 2007 पासून रेशनवर तूरडाळ आणि पामतेल देतायत, डाळ तीस रुपये किलो आणि तेल पंचवीस रुपये लिटर, आणि तूर पिकवणारं मोठं राज्य आपलं आहे साहेब, आपल्या मराठवाडा-विदर्भाची तूर! हद्दीपलीकडे कर्नाटकात उत्तरेकडच्या जिल्ह्यांना ज्वारी आणि दक्षिणेला नाचणी रेशनवर दिली गेलीय, म्हणजे ज्या भागात जे खातात ते देता येतं.

डाळीऐवजी खात्यात पैसे टाकू असंही कुणी सुचवेल. शेजारच्या धाराशिवसकट 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2023 ला धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये सुरू केले. माझं म्हणणं असं की पैसे आले की ते शाळेच्या वहीत, औषधात, उधारीत जातात, त्यात चूक कुणाचीच नाही, गरज तशी असते. घरात डाळ आली की ती शिजतेच.

दोन किलोनं आमच्या घराची सगळी गरज भागणार नाही हे मला कळतं. पण दोन किलो म्हणजे महिनाभर रोजची अर्धी वाटी थेट पाऊण वाटीच्या पुढे जाते, नाहीतर डाळीचे वाचलेले पैसे अंड्यांना लावता येतात. पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी वेगळी तरतूद करा, सुरुवातीला सगळ्या राज्यात जमत नसेल तर सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डांपासून आणि कुपोषण जास्त असलेल्या तालुक्यांपासून करा, आणि कुठल्या महिन्यापासून किती डाळ मिळणार ते दुकानाच्या फळ्यावर लिहायला लावा.

कळावे,
सोलापुरातली एक रेशनकार्डधारक गृहिणी