भुसावळच्या नानांस जाहीर आभारपत्र

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

आमच्या जुन्या डिझेल पिकअपला ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर बसवून देताना आपण भर उन्हात जी मेहनत घेतली आणि वर मजुरीचे नावही काढू दिले नाही, तिचे आभार तोंडी मानून भागणार नाही. खानदेशात लग्नसराईत जनरेटरचा ट्रेलर ओढत गावोगाव फिरणाऱ्या इतर मंडळींनाही आपल्या कामाची रीत कळावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आमच्या ट्रेलरला विजेवर चालणारे ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबले की कंट्रोलर मागे वीज सोडतो, ड्रममधले चुंबक फिरत्या ड्रमला चिकटते आणि त्या ओढीने लायनर फाकून चाक धरतात. रचना एवढीच. मात्र आधीच्या एका गॅरेजवाल्याने कंट्रोलरची वीज डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधून घेतली होती. तिथल्या जीर्ण वायरिंगवर भार आला की हेडलाइट मंद होत आणि ट्रेलर मागून ढकलतच राही. अशा स्थितीत जनरेटर घेऊन कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना सगळी भिस्त गिअरवर असे.

रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये हयात घालवलेल्या माणसाने आमच्या पिकअपची वायरिंग पाहून हसावे, अशीच ती होती. आपण हसला नाहीत. कंट्रोलर बाजूला ठेवून आपण आधी बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर ओढली आणि बॅटरीच्या जवळच 20 अँपिअरचा सर्किट ब्रेकर बसवला. मग पेडलवरच्या स्टॉपलाइट स्विचला टेस्ट लॅम्प लावून त्याची दोन्ही टोके तपासली. एका टोकाला कायम करंट असतो, दुसऱ्याला पेडल दाबल्यावरच येतो, आणि कंट्रोलरची लाल वायर या दुसऱ्या टोकालाच जोडायची असते, नाहीतर त्याला ब्रेक सतत दाबलेलाच वाटतो. वायरच्या रंगावर विसंबू नका, जुन्या गाडीत रंग कोणी कधी बदलला असेल ते सांगता येत नाही, हे आपले म्हणणे आमच्या गाडीत तर शब्दशः खरे ठरले.

खरे काम अर्थिंगचे निघाले. एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर, म्हणजे दोन चाकांना सहाच्या आसपास करंट जायला हवा, असे सांगून आपण मागे जाणाऱ्या निळ्या वायरला क्लॅम्प मीटर लावला आणि मला कंट्रोलरचा हाताचा दांडा पूर्ण दाबायला लावला, तेव्हा आकडा चारच्या पुढे सरकेना. ब्रेक लागत होते. दुसरा कोणी असता तर तिथेच पाने आवरून मोकळा झाला असता. आपण मात्र ट्रेलरखाली उताणे झोपून पाहिले, तर अर्थची वायर पुढपर्यंत आलेलीच नव्हती आणि सगळा करंट हुकच्या ग्रीस लागलेल्या गोळ्यातून परतत होता. प्लगमधून स्वतंत्र अर्थ आणून, चासीवरचा रंग आणि गंज पांढरे लोखंड दिसेपर्यंत खरवडून, तिथे आपण रिंग टर्मिनल बोल्टने आवळले आणि वरून व्हॅसलीन चोपडले. त्यानंतर मीटरने सहाला जेमतेम कमी दाखवले, आणि त्या दिवशी आपण प्रथमच चहा मागितलात.

ट्रेलर हुकमधून निसटलाच तर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावणारा स्विच आम्ही अनावश्यक खर्च समजत होतो. त्याची दोरी आपण हुकला किंवा साखळीला न बांधता पिकअपच्या चासीला वेगळी बांधून दिलीत, कारण हुकच तुटला तर हुकला बांधलेली दोरी खेचली जाणार कशी? इतके साधे कारण आम्हाला आजवर कोणी सांगितले नव्हते.

कंट्रोलर गाडीच्या धावण्याच्या दिशेशी समांतर बसवणे, रिकाम्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने दांडा दाबत जोर वाढवणे आणि चाके अडकू लागताच थोडा कमी करणे, हेही आपणच करवून घेतलेत. रिकाम्या आणि भरलेल्या ट्रेलरची सेटिंग वेगळी असते, म्हणून दोन्ही आकडे मी सन व्हायझरवर लिहून ठेवले आहेत. परवा घाट उतरताना ट्रेलरचा धक्का जाणवला नाही. शेजारी बसलेल्या आमच्या पोऱ्याने तर ट्रेलर मागे आहे ना, हे दोनदा वळून पाहिले.

लग्नसराई उरकली की ड्रम उघडून चुंबकांची झीज पाहायला आपण सांगितले आहे. त्यासाठी ट्रेलर घेऊन भुसावळला येईन, त्या वेळी वायर आणि ब्रेकरचे पैसे तरी आपण घ्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
चोपड्याचा जनरेटरवाला