जुन्या गाडीचे अडखळणे: आधी पंपाची धार पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक सदरात एका वाचकाने कळवले होते, की त्यांची कार्बोरेटरची (हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) जुनी गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच क्षणभर मान टाकते आणि मग पळते. त्यावर ‘कार्बोरेटर उतरवून साफ करून घ्या’ एवढेच उत्तर छापले गेले. ते चुकीचे म्हणता येणार नाही, पण गाडी नेमकी केव्हा अडखळते, हे त्यात विचारलेलेच नाही.

वेग घेतल्यानंतर चढावर दम तुटत असेल, तर बहुधा पेट्रोलचा पुरवठाच अपुरा असतो. तेथे तुंबलेला फिल्टर किंवा फ्लोटची (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) खाली गेलेली पातळी तपासावी. पाय ठेवताक्षणीच झटका बसत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) एकाएकी उघडला की हवा लगेच आत शिरते, पेट्रोल जड असल्यामुळे मागे राहते, आणि मॅनिफोल्डमधील (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीतील) निर्वात घटल्याने त्यातले काही आतल्या भिंतींनाच चिकटते. जोर लागतो तेव्हा इंजिनाला वजनाने साधारण १२ ते १३ भाग हवेमागे १ भाग पेट्रोल हवे असते. नेमके त्याच क्षणी मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. ही तूट भरून काढण्यासाठी कार्बोरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद व थंड असताना, जवळपास ज्योत वा ठिणगी नाही याची खात्री करून, एअर फिल्टर काढावा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने हलवावा. दांडा हलताक्षणी पेट्रोलची सलग धार उडाली पाहिजे. (गाडी बरेच दिवस उभी असेल तर कार्बोरेटरमधील पेट्रोलचा बाउल कोरडा पडलेला असू शकतो, म्हणून आधी थोडा वेळ इंजिन चालवून ते थंड होऊ द्यावे.) माझ्या गाडीत धारेऐवजी दोन थेंब पडले, तेही उशिरा. पंपाचा रबरी डायफ्राम (पातळ पडदा) कडक होऊन घडीवर केसाएवढा चिरला होता. त्यापूर्वी दोन कारागिरांनी आयडलिंगचा मिक्श्चर स्क्रू मनसोक्त फिरवून पाहिला होता. त्या बिचाऱ्या स्क्रूचा या दोषाशी फारसा संबंध नव्हता.

धार चांगली असेल, तर डिस्ट्रिब्युटरकडे (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणाऱ्या भागाकडे) वळावे. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (निर्वाताच्या ओढीने ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी कार्बोरेटरकडून सोडवून तोंडाने ओढली असता आतली प्लेट फिरली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली तोवर तेथेच राहिली पाहिजे. ती परत आली तर तेथील डायफ्राम फाटला आहे, म्हणजे ठिणगीचे टायमिंगही पुढे सरकत नाही आणि नळीवाटे फुकटची हवाही शिरते. गरम इंजिनवर चोक (हवा कमी करणारी झडप) किंचित ओढल्याने अडखळणे कमी झाले, तर मिश्रण पातळ असल्याचे जवळजवळ निश्चित समजावे आणि कार्बोरेटरखालचे गॅस्केट व ब्रेक बूस्टरची नळी हवा घेते का, ते पाहावे.

एक अपवाद नोंदवतो. एसयू जातीच्या कार्बोरेटरमध्ये सहसा असा पंप नसतो. तेथे वरच्या डॅम्परमधील तेल कार्बोरेटरमधल्याच पिस्टनला हळू उचलू देते. ते आटले की पिस्टन झटक्यात वर जातो, मिश्रण पातळ होते आणि गाडी तशीच अडखळते. अशा वेळी कार्बोरेटर उतरवण्याआधी डॅम्परची टोपी काढून तेलाची पातळी पाहावी, हे त्या वाचकाला कळवावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक