वकीलताई, तुम्ही दार लावून घेतलंत

आदरणीय वकीलताईंना सप्रेम नमस्कार,

माझ्या जुन्या मालकांचं सहीशिक्क्याचं पत्र आज हातात पडलं. मी स्वतः राजीनामा दिला, हिशेब पूर्ण चुकता केला, माझ्याकडे कसलीही बाकी नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आईने ते दोनदा वाचून घेतलं आणि रडली. मीही रडले. मग लगेच तुम्हाला लिहायला बसले.

जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या दालमिलमध्ये मी कॅश सांभाळायचे. नोकरी सोडली तेव्हा एका पैशाचा फरक नव्हता. तरी "गल्ल्यात हात मारला म्हणून काढली" असं मालक बाजारभर सांगत सुटले. ठरलेली दुसरी नोकरी त्यांच्या एका फोनने गेली. दर हिवाळ्यात भरीत-पार्टीला ज्यांच्या पंगतीला बसले, त्या सहकाऱ्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं. पोलिसांत गेले तर "हे अदखलपात्र आहे, घरी जा, लोक विसरतात." आणि एका वकिलांनी तर भरल्या ऑफिसात, सगळ्या पक्षकारांसमोर विचारलं, "पण खरंच घेतले नाहीत ना?" तो प्रश्न अजून सलतो.

तुमच्यासमोर बसले तेव्हा बोलता बोलता माझा आवाज आपोआप खाली गेला. तुम्ही उठलात, बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितलंत, दार लावलंत आणि टेबलापलीकडची तुमची खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणलीत. आईला "बस माय" म्हणालात. मग विचारलंत ते एवढंच: कोण बोललं, कुठे, कोणासमोर, नेमक्या कोणत्या शब्दांत? मी पैसे घेतले की नाही, हे एकदाही विचारलं नाहीत. ताई, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पोलिसांनी पाठ फिरवली म्हणजे सगळं संपलं, असं मी धरून चालले होते. भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीबद्दलच्या कलम 356 खाली थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा आणि त्याला मुदत एकच वर्षाची, हे तुमच्याकडून कळलं. खोटं तिसऱ्या माणसाला सांगितलं गेलं, हे दाखवावं लागतं. म्हणून ज्यांनी मला नोकरी नाकारली त्यांनाच तुम्ही साक्षीला तयार केलंत. पुढे कोर्टाची पायरी चढायची वेळच आली नाही. तुमच्या नोटिशीनेच काम झालं.

गरिबाची अब्रू हीच त्याची पुंजी असते, हे जाणणारी माणसं अजून आहेत आणि त्यांच्यामुळेच आमच्यासारख्यांचं निभतं. तुम्ही फी घेतली नाहीत. शिवाय सांगितलंत की विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे कायद्याची मोफत मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, बऱ्याच प्रकरणांत बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आता मी भेटेल त्या बाईला सांगते आणि तुमचं नाव आदराने घेते.

आपली कायमची ऋणी,
तुमची एक पक्षकार, जळगाव