दीपगृहाच्या पायथ्याशी

प्रिय बयो,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडहून, तुझ्याकडून, घरी पोचून आठ दिवस झाले, तरी बॅगा पुरत्या रिकाम्या झाल्या नाहीत. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. फोनवर सांगायला घेतलं की गळा दाटतो, म्हणून लिहायला बसले.

त्या बुधवारी तू विद्यापीठात गेलीस आणि आम्ही दोघं ‘समुद्र बघून येतो’ म्हणून नॉरविचहून निघालो. समुद्र बघितला, ते खरंच. पण साउथवोल्डला आम्ही गेलो होतो पब बघायला. लोवेस्टॉफ्टपर्यंत ट्रेन, पुढे बस. मीच तुझ्या बाबांना म्हटलं होतं, आपली पोर शनिवार-रविवार जिथे राबते, तशा जागी मला एकदा आत बसायचं आहे. तू काम करतेस तिथेच यायचा धीर मात्र झाला नाही.

मार्चमध्ये तू सांगितलंस की सहा महिने तू पबात काम करते आहेस आणि आम्हाला बोलली नव्हतीस. त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्याशी धड बोलले नाही. त्याचं कारण तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. मी नऊ वर्षांची होते. संध्याकाळ झाली की आई मला गुत्त्यावर पाठवायची, आबांना बोलावून आणायला. दाराला गोणपाटाचा पडदा होता. बायका-पोरींनी आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून बाहेर उभी राहून हाक मारायची, “आबा, आई बोलावतेय.” आतून हसण्याचे आवाज यायचे. कधी आबा बाहेर यायचे, कधी यायचेच नाहीत, आणि मी एकटीच अंधारातून परत यायची. तू ‘पब’ म्हणालीस आणि मला तो पडदा दिसला. तू त्या पडद्याच्या आत होतीस.

साउथवोल्ड एवढंसं गाव आहे. पांढरंशुभ्र दीपगृह घरांच्या मधोमध उभं, अंगणात तुळस असावी तसं. 1890 सालचं आहे. त्याच्या पायथ्याशी सोल बे इन नावाचा पब आणि जवळच अ‍ॅडनम्सचा बिअरचा कारखाना, 1872 पासूनचा. 2006 पर्यंत गावातल्या पबांना त्यांची पिंपं घोडागाडीतून जायची म्हणे. गल्लीत शिरलो तर ओळखीचा वास. जरा वेळाने लक्षात आलं, मोड आलेली नाचणी सत्त्वासाठी भाजताना आपल्या घरात येतो त्याच जातीचा आहे. बार्लीला मोड आणून भाजतात, तोच माल्ट, बिअर त्याचीच करतात.

दारात मी थबकले. बाबा म्हणाले, “पडदा नाहीये बघ.” त्यांना गुत्त्याची गोष्ट ठाऊक आहे.

आत खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता. एक आजी कुत्र्याला पायाशी घेऊन शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर आई-बाप, आजोबा आणि उंच खुर्चीत बसवलेलं बाळ. ऑर्डर टेबलावर कोणी घेत नाही, बारवर जाऊन सांगायची, हे तू कधी तरी बोलली होतीस ते उपयोगी पडलं. बारवर चक्क हापसे! आपल्या बोअरिंगच्या हापशासारखा दांडा ओढायचा, की तळघरातल्या पिंपातून बिअर वर येते. पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते, त्यांनी आधी इवल्याशा पेल्यात चव दिली, आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो तशी. बाबांनी बिटर, म्हणजे तिथली कडवट बिअर, घेतली. पाइंट म्हणजे 568 मिली, त्यांनी अर्धाच घेतला. मी लिंबाचं सरबत घेतलं आणि त्यांच्या पेल्यातला एकच घोट. कडू, पण मागाहून भाजलेल्या धान्याची चव जिभेवर राहते. फार गार नसते, तळघराइतकीच, 11 ते 13 अंश. पिंपात ती आंबतच असते, म्हणून एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावी लागते. आपल्या ताज्या ताडीसारखं म्हण, तिलाही फार वेळ थांबता येत नाही.

बाबांनी विचारलं, इतकी नितळ कशी होते? ते गृहस्थ म्हणाले, पूर्वापार माशाच्या पोटातल्या पिशवीने गाळ खाली बसवतात, हल्ली बरेच जण त्याच्याशिवायही करतात. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. बोत! घोळ माशाच्या पोटातल्या पिशवीला आपल्याकडे बोत म्हणतात, तोच गं. आबांच्या जाळ्यात घोळ लागली की ते आधी बोत काढून सुकवायचे, व्यापारी तो मोलाने न्यायचा आणि त्या दिवशी घरी गूळ-खोबरं यायचं. एवढ्याशा पिशवीचं परदेशात करतात काय, हे आम्हा पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. ते मला साठाव्या वर्षी साउथवोल्डच्या बारवर कळलं. आबा असते तर त्यांना धावत जाऊन सांगितलं असतं. आबांची आठवण आली आणि राग आला नाही, असं फार वर्षांनी झालं.

मग जेवण आलं. हॅडॉक मासा, बिअर घालून भिजवलेल्या पिठाच्या कुरकुरीत कवचात. आत मासा इतका ताजा की पाकळ्या आपोआप सुटत होत्या. सोबत जाड बटाट्याचे काप आणि ठेचलेले वाटाणे, बिनफोडणीच्या उसळीसारखे. काप व्हिनेगरसोबत खातात, ते मला आवडलं.

थाळ्या आणणारी मुलगी तुझ्याच वयाची होती. तीन-तीन थाळ्या हातावर तोलून यायची, केस घामाने कपाळाला चिकटलेले. कोड्यातल्या आजींनी तिला एक शब्द विचारला, तिने जाता जाता सांगितला, दोघी हसल्या. कोणी तिच्याकडे वावगं बघितलं नाही. मी तासभर तेच बघत होते. आमच्या टेबलाशी येऊन तिने विचारलं, “सगळं ठीक ना?” मला बोलता येईना. बाबांनी उत्तर दिलं.

दारूने तिथे घरं मोडत नसतील असं मी म्हणत नाही. मोडत असतीलच. पण तू काय करतेस, हे न बघता मी तुला बोलले. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करायची परवानगी नाही, तेवढ्यात तू खोलीचं भाडं काढतेस आणि वर आम्हाला तिकिटाला पैसे पाठवलेस. तीन आठवडे तू रोज फोन करत राहिलीस आणि मी बाबांच्या हातात फोन देत राहिले. माझं चुकलं, बयो.

पुढच्या खेपेला तुझ्या पबात जेवायला येईन. थाळी तूच आणायचीस.

कोकमाचं आगळ आणि जवळ्याची चटणी पाठवते आहे. पायात चांगले बूट घालत जा, इतके तास उभं राहायचं म्हणजे चेष्टा नाही. आणि शनिवारी काम संपलं की फोन कर. तुमचे रात्रीचे अकरा म्हणजे इथे पहाटेचे साडेतीन. मी जागीच असते.

तुझी,
आई