माडीचं पॉलिश गणपतीआधी नको

शिकागो,
११ ऑगस्ट २०२१

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, महत्त्वाचं आधी सांगून टाकते. पुरात भिजलेल्या माडीच्या फळ्यांना गणपतीआधी पॉलिश नको, असं पॉलिशवाल्याला मी कालच फोन करून कळवलं. आणि शनिवारी दादा गाडी घेऊन चिपळूणला येतोय, तुम्हां दोघांना पुण्याला न्यायला. न विचारता ठरवलं म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण आई परवा बोलता बोलता सांगून गेली की तुम्ही रात्री उठून बसता, छातीत घरघर होते. खालच्या भिंतींना अजून हात लावला तर गार लागतात आणि माडीवर बुरशीचा वास आहे. दमेकरी माणसानं त्या घरात झोपायचं नाही. मी स्वतः आले असते, पण इथून निघाले तर सध्याच्या नियमांत परत येता येईल याची खात्री नाही, आणि ते मला फार लागतंय.

गणपती कुठे जात नाही. १० सप्टेंबरला चतुर्थी आहे, दोन दिवस आधी दादा तुम्हाला घरी आणेल. बाप्पा नेहमीसारखे ओटीवरच बसतील. विसर्जन झालं की पुन्हा पुणं, ते दिवाळीपर्यंत. यंदा माडीवर कुणाला झोपवता येणार नाही हे आत्याला मी कळवलंय. ती 'बरं' म्हणाली. तुम्ही त्यावर काही बोलू नका.

आता पॉलिश का नको ते. आमच्याकडे त्या हिवाळ्यात पाइप फुटून ओकची जमीन भिजली होती ना, तेव्हा वरून सगळं दोन दिवसांत कोरडं दिसायला लागलं, पण फळ्यांच्या कडा उचलल्या, मधे खोलगट, एकेक फळी पन्हळीसारखी. मशीन मारून सपाट करावं असंच कुणालाही वाटेल. वाळवायला आलेल्या माणसानं ते करू दिलं नाही. वरची बाजू आधी सुकते, खालची ओली राहून फुगलेली असते, म्हणून कडा वर येतात. त्याच वेळी कडा तासून टाकल्या तर पुढे खालची बाजू सुकते, फळी पूर्वीसारखी बसते, आणि तासलेल्या कडा खाली जाऊन मधला भाग उंच राहतो. मग तो परत तासा. त्यात लाकूडच संपतं. शिवाय ओल्या फळीवर पॉलिश चढवलं की आतली ओल कोंडते. आम्ही थांबलो, तर बहुतेक फळ्या आपसूक बसल्या, थोड्याच बदलाव्या लागल्या.

आणि तो कंत्राटदार सगळं उखडून स्लॅब टाका म्हणतोय, त्याला होकार देऊ नका. बाबा, तो जुना साग आहे. सागाच्या अंगातच तेल असतं, एका पुरात तो कुजत नाही. इथल्यापेक्षा आपली माडी वाळायला सोपी आहे, कारण इथे फळ्यांखाली प्लायवूड असतं, ते पाणी धरून बसतं. आपल्या फळ्या खालून उघड्या आहेत, दोन्ही बाजूंनी वारा लागतो. २००५ ला पाणी माडीपर्यंत आलं नव्हतं, म्हणून हे कुणाला अनुभवाचं नाही, एवढंच.

जिन्याशेजारच्या फळीतली गाठ निखळून भोक पडलंय, त्यातून मी खाली दोरा सोडायचे आणि बाबा, तुम्ही त्याला लिमलेटची गोळी बांधायचात. आई ओरडायची की दात किडतील. २२ जुलैला पाणी आधी त्या भोकातूनच वर आलं असेल, हे डोक्यातून जात नाही. ती फळी कुणी बदलायची नाही. सुतारकाकांना सांगून ठेवलंय.

काकांशी माझं सविस्तर बोलणं झालंय. भिंतीलगतची एकेक फळी काढून, खडूनं नंबर घालून, आडवी रचून ठेवायची, म्हणजे बाकीच्यांना फुगायला जागा मिळते. सांध्यांतला चिखल पत्र्याच्या पट्टीनं खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करायचं. पंखे खालून आणि वरून, पण वीजवाल्यानं वायरिंग तपासल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही. हॅलोजन, हीटर अजिबात नको, घाईनं वाळवलं की लाकूड चिरतं. दादा ओल शोषणारं यंत्र आणतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. कौलांच्या फटींतून पावसाळी हवा येतच राहणार, बंद खोलीत चालणारं यंत्र तिथे काय करणार? खरं वाळणं पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात.

दोन सुया टोचून ओलावा मोजायचं मीटर दादा काकांना देईल. दाराची वरची चौकट पाण्यात गेली नव्हती, तीही सागाचीच. आधी तिथे मोजायचं, मग फळ्यांना. दोन्ही आकडे जवळ येऊन स्थिर झाले की मगच रंधा. आकडा २० टक्क्यांच्या खाली आला की कुजायची भीती संपली, पण पॉलिशला तेवढं पुरत नाही. खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं नंतर निघतील. बाबा, ते तुम्ही हातात घ्यायचं नाही.

आई, दादाकडे लिफ्ट आहे, कमोड आहे, तुझ्या खोलीला सकाळचं ऊन येतं. बाबांचा पेपर सुरू केलाय. वहिनीनं उकड्या तांदूळ आणून ठेवलाय. तुझी तुळस शेजारच्या काकू बघतील, मांजरालाही त्याच घालतील. स्वयंपाकघरात शिरून वहिनीला कामं लावू नकोस, आणि तिनं दिलेलं आयतं खायला लाजू नकोस. तू किती दमली आहेस ते फोनवर आवाजातच कळतं गं.

शनिवारी निघताना बाबांचा पंप, बीपीच्या गोळ्या, लशीची कागदपत्रं आणि घराचे कागद एकाच पिशवीत, ती आईच्या हातात. किल्ली सुतारकाकांकडे. माडीवर शेवटचं बघून येतो म्हणून बाबांनी जिना चढायचा नाही, पायऱ्या अजून सैल आहेत. गाडीत बसलात की मला फोन करा, इथे रात्र असली तरी.

तुमची,
मनू