माथेरानचे घोडे आणि नालांचा प्रश्न

महोदय,

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांची बरीच भिस्त घोड्यांवर असते. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, या अश्वपालांच्या तक्रारीवर ‘मग नाल काढून टाका’ असा सोपा उपाय सुचवणाऱ्यांनी एकदा घोड्याचा खूर उचलून पाहावा. जांभ्या दगडाच्या चढउतारावर रोज ओझे वाहणाऱ्या जनावराच्या खुराची झीज वाढीपेक्षा अधिक होऊ लागली, की त्याच्या कडा तुटतात आणि घोडा खडीवर बिचकत पाऊल टाकतो. अशा घोड्याला नाल हवाच. मात्र नालामुळे खूर झिजत नाही, वाढत मात्र राहतो. त्यामुळे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल उतरवून खूर तासावाच लागतो. हा खर्च टाळण्यासाठी गुळगुळीत झालेला नाल तसाच चालवला, तर दोष केवळ रस्त्याचा कसा म्हणायचा? पावसाळ्यात काम मंदावते तेव्हा निरोगी खुरांचे नाल उतरवून पाहण्यास हरकत नाही. ऐन हंगामाच्या तोंडावर मात्र तसे करू नये, कारण उघड्या खुराला टणक होण्यास अवधी लागतो. प्रशासनाने सरसकट आदेश काढण्याऐवजी पशुवैद्यक आणि जाणकार नालबंद यांच्याकडून प्रत्येक घोड्याची नियमित तपासणी करून घ्यावी.

— एक वाचक, नेरळ