गॅस सापडला म्हणजे लगेच शेगडीत आला असं नसतं

संपादक महोदय,
समुद्रात गॅस सापडल्याची बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू, आता गॅसचं बिल कमी होणार. मी बरीच वर्षं ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेल-गॅसच्या कामावर होतो, १४ दिवस प्लॅटफॉर्मवर नि १४ दिवस घरी, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय.

आपल्या दारातलंच बघा. सागर सम्राट या विहिरी खोदणाऱ्या जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हायमध्ये १९७४ ला तेल काढून दाखवलं आणि १९७६ ला उत्पादन चालू पण झालं. त्याच १९७६ साली बसीन फील्ड सापडलं, बसीन म्हणजे आपली वसईच, पण तिथला गॅस यायला १९८८ उजाडलं. बारा वर्षं! तेल निदान टँकरने तरी नेता येतं, गॅसला पाइपलाइनच लागते, त्यात हा गॅस सॉर, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडवाला, विषारी आणि लोखंड खाणारा, म्हणून समुद्राच्या तळातून दोनशेहून जास्त किलोमीटर पाइप गुजरातेत सुरतेजवळच्या हजिऱ्यापर्यंत, तिथे गॅस धुवायचा प्लांट, आणि पुढे खत कारखान्यांपर्यंत आणखी पाइप, हे सगळं जुळल्याशिवाय नुसत्या विहिरी खोदून काय करणार?

प्लॅटफॉर्मवर आमच्या छातीला डिटेक्टर लावलेला असायचा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर एक वेळ बरं, कारण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, तेव्हा माणूस जातो. अलार्म वाजला की आधी वर विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे बघायचं, वारा कुठून येतोय ते, आणि त्या बाजूला पळायचं. आजही ते कापड डोळ्यांसमोर फडफडतं.

आणि सापडलेला सगळा गॅस हाती लागतोच असंही नाही. आंध्रच्या किनाऱ्याजवळ समुद्रात, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००२ ला मोठा साठा सापडला, २००९ ला उत्पादन सुरू झालं, दिवसाला ८ कोटी घनमीटर मिळणार असं ठरलेलं, तिथवर कधी पोचलंच नाही, २०१० नंतर घसरत गेलं. जमिनीखालचं गणित विहीर चालवल्यावरच कळतं.

म्हणून एकच विनंती, अशी बातमी छापताना गाडी कुठे आहे तेही छापा: नुसता सर्व्हे झालाय, पहिली विहीर लागलीय, साठा मोजायच्या विहिरी चालू आहेत, की पाइपलाइनची ऑर्डर गेलीय. एक ओळ पुरे.

– एक निवृत्त ऑफशोअर कर्मचारी, वसई